सेमेलवाइसचं क्लोरीन आलं कुठून? हॉस्पिटलमधले हात आणि बाजारातल्या बाटल्या

(हा एपिसोडचा लिखित पाठ आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना घेतलेले आढेवेढे काढलेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)



सेमेलवाइसची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. व्हिएन्नातला तरुण डॉक्टर, साल १८४७. ‘हात धुवा’ म्हणाला, बड्या प्रोफेसरांनी ऐकलं नाही, शेवटी बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असते आणि दर वेळी तात्पर्य एकच असतं: डॉक्टर अहंकारी होते.

होतेच. पण आज तीच गोष्ट मला दुसऱ्या टोकाने सांगायची आहे. सेमेलवाइसने विद्यार्थ्यांना ज्या क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, ते क्लोरीन आलं कुठून? ते कोण बनवत होतं? कशासाठी? आणि त्याचा खर्च किती?

हे प्रश्न विचारत पुढे आलं की एक गोष्ट दिसते. हॉस्पिटलमधल्या हात स्वच्छ ठेवण्याच्या इतिहासात जितके डॉक्टर आहेत, तितकेच कारखानदारही आहेत. कधी त्यांच्यामुळे काम झालं, कधी त्यांच्यामुळे अडलं. आणि ज्या वेळी काम झालं, त्या वेळी कुणी काय करायचं याची वाटणी स्पष्ट होती. आजचा एपिसोड या वाटणीवर आहे.

कापड कारखान्यातून बाळंतिणींच्या वॉर्डात

आधी अठराव्या शतकातलं कापड. कोरं कापड पांढरं करायचं म्हणजे ते आंबट ताकात, क्षारात भिजवायचं आणि उन्हात कुरणावर पसरून ठेवायचं. महिनोन्‌महिने. गिरण्या वाढल्या, कापड वाढलं, पण ऊन आणि कुरण वाढणार कसं? १७८५च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्टोले याने दाखवून दिलं की क्लोरीनने कापड झटपट पांढरं होतं. मग १७९९मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विझवलेल्या चुन्यात क्लोरीन जिरवून कोरडी पूड बनवण्याचं पेटंट घेतलं. हीच ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत जी टीसीएल पावडर टाकते ना, तिची ही आजी.

टेनंटचा सेंट रोलॉक्सचा कारखाना पुढे जगातल्या मोठ्यात मोठ्या रासायनिक कारखान्यांपैकी एक झाला. गिऱ्हाईक कोण? कापडवाले. रोगजंतू हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

दरम्यान पॅरिसमध्ये अँटवान लाबाराक नावाचा एक औषधविक्रेता दुसऱ्याच भानगडीत होता. जनावरांच्या आतड्यांपासून तार बनवायचे कारखाने असत. तिथली दुर्गंधी इतकी भयंकर की त्यावर उपाय सुचवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. १८२०च्या दशकात लाबाराकने दाखवलं की क्लोरीनच्या द्रावणाने आतडी सडत नाहीत आणि वासही जातो. तिथून हे द्रावण शवागारात गेलं, गटारांत गेलं, हॉस्पिटलात गेलं.

आता व्हिएन्नाला या. जनरल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११ टक्क्यांहून जास्त बायका दगावल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. फरक असा की विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. मार्च १८४७मध्ये सेमेलवाइसचा मित्र कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मेला. त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वराने मेलेल्या बायकांसारखेच होते. सेमेलवाइसला दुवा सापडला: प्रेतातलं ‘काहीतरी’ हातांवरून जातंय.

ते काहीतरी म्हणजे काय, हे त्याला दिसत नव्हतं. हाताला येणारा वास मात्र कळत होता. साबणाने तो जात नसे, क्लोरीनने जाई. म्हणून क्लोरीन. मे १८४७च्या मध्यापासून त्याने सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. सुरुवातीला सेमेलवाइस क्लोरीनचं तयार द्रावण वापरत होता. ते महाग पडायला लागलं, म्हणून तो चुन्याच्या स्वस्त ब्लीचिंग पावडरीवर आला. म्हणजे जगातला पहिला मोठा हस्त-स्वच्छतेचा प्रयोग टिकला, त्यात कापड-धंद्याने स्वस्त करून ठेवलेल्या मालाचा वाटा होता. तो माल नसता, तर सक्ती किती दिवस चालली असती, विचार करा.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ब्लीचिंग पावडर कापडासाठी बनलेली, कातडीसाठी नव्हे. दिवसातून अनेकदा त्यात हात घालणं म्हणजे हातांची सालपटं निघणं. सेमेलवाइसला विरोध झाला त्यात अहंकार होता, राजकारण होतं, आणि हाताची जळजळही होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची दीडशे वर्षं तो पाठ सोडत नाही.

एका नर्सचे हात

१८८९-९० सालचा हिवाळा. अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. आता जंतूंचा सिद्धांत मान्य झालाय, ऑपरेशनच्या आधी सगळे हात पाऱ्याच्या क्षारात बुडवतात. सर्जन विल्यम हाल्स्टेडची थिएटर नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात त्याने फुटले, पुरळ आलं. ती नोकरी सोडण्याच्या बेतात.

हाल्स्टेडने काय केलं? गुडइयर रबर कंपनीला सांगितलं, पातळ रबराचे हातमोजे करून द्या, आधी दोनच जोड, प्रयोग म्हणून. मोजे आले, हात बरे झाले, पुढे दोघांचं लग्नही झालं. हळूहळू बाकीचे मदतनीसही मोजे घालायला लागले. त्याने रुग्णांचा जंतुसंसर्ग कमी होतो, हे काही वर्षांनी आकडे पाहून लक्षात आलं. सुरुवातीला मोजे रुग्णासाठी नव्हतेच, नर्सच्या कातडीसाठी होते.

खाजगी कंपनीसोबतच्या भागीदारीचं हे माझं आवडतं उदाहरण आहे. गरज हॉस्पिटलने सांगितली, नेमक्या शब्दांत. वस्तू कंपनीने बनवली, कारण रबर कसं ओतायचं ते तिला माहीत होतं. आणि ती कामाची आहे की नाही, हे ठरवलं वापरणाऱ्यांनी.

हॅम्बर्गची निळी बाटली, अ‍ॅक्रनचं पारदर्शक जेल

अल्कोहोलने हातावरचे जंतू मरतात, हे जर्मन डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होतं. अडचण तीच, जुनी. नुसतं अल्कोहोल रोज वीस-तीस वेळा चोळलं तर कातडी कोरडी पडते, भेगा पडतात.

१९६५ साली हॅम्बर्गमध्ये सर्जन पीटर काल्मार आणि तिथलीच बोडे नावाची कंपनी यांनी मिळून स्टेरिलियम बाजारात आणलं. अल्कोहोल, आणि सोबत कातडी सांभाळणारे घटक. योगायोग बघा, सेमेलवाइस गेला १८६५ साली. बरोबर शंभर वर्षांनी त्याची जळजळीची अडचण सोडवणारी बाटली विकत मिळायला लागली. आपल्याकडे आयसीयूच्या दाराशी निळ्या द्रवाची बाटली असते, ती याच घराण्यातली.

तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर-रबराचं गाव. दुसऱ्या महायुद्धात गोल्डी लिपमन तिथे रबर कारखान्यात काम करायची. हाताला लागलेला काळा राप काढायला कामगार बेंझीनसारखी विषारी द्रव्यं वापरत. युद्धानंतर, १९४६मध्ये, गोल्डी आणि तिचा नवरा जेरी यांनी पाण्याशिवाय हात साफ करणारं मलम काढलं. घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये घोटून! कंपनीचं नाव गोजो. गॅरेजमालकांची तक्रार आली की कामगार फार मलम घेतात, वाया घालवतात. मग जेरीने एका दाबाला ठराविकच माल देणारा डिस्पेन्सर बनवला आणि १९५२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज हॉस्पिटलच्या भिंतीवर जो डबा असतो, त्याचा एक पूर्वज मालकांच्या काटकसरीतून जन्माला आलाय.

याच गोजोने १९८८ साली प्युरेल काढलं, अल्कोहोलचं जेल. सुरुवातीची अनेक वर्षं ते फारसं खपलं नाही. कारण सरळ होतं: अमेरिकेत ‘हात धुणे’ म्हणजे साबण आणि पाणी, असं पक्कं बसलेलं. माल तयार होता. तो का वापरायचा, हे ठरवणारं अधिकृत कुणी बोललं नव्हतं.

हिशोब जुळेना

ते बोलणारे लोक निघाले जिनिव्हाचे. विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये डिडिए पिते नावाचे जंतुसंसर्गतज्ज्ञ होते. १९९४मध्ये त्यांच्या टीमने वॉर्डात उभं राहून मोजलं की हात साफ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी किती वेळा ते खरंच केले जातात. उत्तर ४८ टक्के. निम्म्याहून कमी. स्वित्झर्लंडमध्ये, पैसा-पाणी-साबण सगळं असताना!

अशा वेळी नेहमीचा उपाय काय? प्रशिक्षण घ्या, पत्रक काढा, दम द्या. पण कामाचा वेग जितका जास्त, तितकं हात धुणं कमी होतं, असं आकड्यांत दिसत होतं. म्हणजे आळस हे कारण नव्हतं, वेळ हे कारण होतं.

याच सुमारास, १९९७मध्ये, आंद्रेआस फोस आणि आंद्रेआस विडमर या दोघांनी सरळ गणित मांडलं. १२ कर्मचाऱ्यांचा एक आयसीयू घ्या. प्रत्येक प्रसंगी प्रत्येकाने बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुतले, तर एका दिवसपाळीतले मिळून १६ तास नुसते हात धुण्यात जातात. तेच खाटेशेजारच्या बाटलीतलं अल्कोहोल चोळलं, तर ३ तास. १६ आणि ३! आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी म्हणतो की सिस्टीमच चुकीची डिझाइन केलीय, युजरला शिव्या घालून उपयोग नाही.

जिनिव्हाच्या हॉस्पिटलमध्ये विल्यम ग्रिफिथ्स हे फार्मासिस्ट होते. हातावर चोळायचं द्रावण हॉस्पिटलच्या औषधनिर्माण विभागातच बनत होतं. खिशात बसतील अशा चपट्या १०० मिलीच्या बाटल्या आल्या, खाटांना अडकवायला स्टँड आले. भिंतींवर व्यंगचित्रांची पोस्टर लागली आणि हॉस्पिटलच्या वरिष्ठांनी मोहिमेला उघड पाठिंबा दिला. १९९७पर्यंत प्रमाण ४८वरून ६६ टक्क्यांवर गेलं. हॉस्पिटलमध्ये असताना लागण झालेल्या रुग्णांचं प्रमाण १९९४मध्ये १६.९ टक्के होतं, ते १९९८मध्ये ९.९ टक्के झालं. हे सगळं २०००मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

त्याच लेखात आणखी एक निष्कर्ष आहे. सुधारणा झाली ती नर्सेस आणि त्यांच्या मदतनिसांमध्ये. डॉक्टरांचं प्रमाण वाईट ते वाईटच राहिलं. सेमेलवाइस वरून हसला असेल.

२००२मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने मार्गदर्शक तत्त्वं बदलली: हात मळलेले दिसत नसतील, तर साबण-पाण्याऐवजी अल्कोहोलचं हँडरब वापरा. आता प्युरेलसारख्या मालाला हॉस्पिटलचं दार सताड उघडलं.

केरळमध्ये अडलं ते काय

इथे दोन मिनिटं हॉस्पिटलच्या बाहेर जाऊ, कारण भागीदारी कुठे फसते ते बघायला आपल्याच देशात एक उदाहरण आहे.

२००१च्या सुमारास जागतिक बँक, युनिसेफ, लंडनचं स्कूल ऑफ हायजीन आणि साबण बनवणाऱ्या बड्या कंपन्या, म्हणजे युनिलिव्हर, प्रॉक्टर अँड गँबल वगैरे, एकत्र आल्या. साबणाने हात धुवायची सवय लावायची, जुलाबाने मरणारी मुलं वाचवायची. सुरुवात दोन ठिकाणी ठरली: घाना आणि केरळ.

घानात मोहीम चालली. जाहिरातीत कुठल्याच ब्रँडचं नाव नव्हतं. केरळात मात्र वादळ उठलं. वंदना शिवांसारख्यांनी लिहिलं की ज्या राज्यात साक्षरता आणि आरोग्य देशात सर्वांत चांगलं, तिथल्या लोकांना स्वच्छता शिकवायला बँक आणि साबण-कंपन्या कशाला? हा साबण खपवायचा धंदा आहे. प्रकल्प बारगळला.

यात बरोबर कोण, हे मी ठरवत बसणार नाही. हाताला साबण लागला तर जुलाब कमी होतात, हे खरंच आहे. पण लोकांनी विचारलेला प्रश्नही रास्त होता: गरज कुणी मोजली? ज्याचा माल खपणार, तोच जर गरज सांगणाऱ्यांच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसला असेल, तर शंका येणारच. हाल्स्टेडने मोजे मागितले होते. इथे लोकांनी काही मागितल्याचं कुणाला दिसलं नाही.

फॉर्म्युला सगळ्यांचा

आता परत जिनिव्हा. ऑक्टोबर २००५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिते यांच्या नेतृत्वाखाली ‘स्वच्छ काळजी म्हणजे सुरक्षित काळजी’ अशा आशयाची मोहीम सुरू केली. जिनिव्हात जमलं, ते बामाकोत कसं जमणार? गरीब देशांत अनेक हॉस्पिटलांना नळालाच पाणी नव्हतं. आयात बाटली परवडणारी नव्हती.

तेव्हा पिते आणि मंडळींनी जे केलं, ते मला इंजिनिअर म्हणून फार भावतं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. फॉर्म्युला संघटनेमार्फत जाहीर करून टाकला. दहा लिटर बनवायचे? ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. झालं. पेरॉक्साइड असतं ते हातासाठी नव्हे, बाटलीत शिरलेले जंतूंचे बीजाणू मारण्यासाठी. ग्लिसरॉल कातडीसाठी. म्हणजे हॅम्प्टनबाईंची तक्रार फॉर्म्युल्यातच लिहून ठेवली आहे. इथेनॉल नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा दुसरा फॉर्म्युला.

याला आमच्याकडे रेफरन्स इम्प्लिमेंटेशन म्हणतात. चालणारा नमुना सगळ्यांसमोर ठेवायचा. मग कुणीही बनवा, अधिक चांगलं बनवा, विका. पण किमान काय हवं, हे सगळ्यांना माहीत असतं.

मालीतल्या बामाकोच्या प्वाँ-जे हॉस्पिटलमध्ये हा फॉर्म्युला वापरून तिथल्याच औषधनिर्माण विभागात हँडरब बनलं, उसापासूनच्या स्थानिक इथेनॉलवर. हात साफ करण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून जवळपास २२ टक्क्यांवर गेलं. २२ म्हणजे अजूनही कमीच, पण सुरुवात ८ची होती. अशा ठिकाणी अडचण कशाची यायची माहितेय? द्रावणाची नाही, बाटल्यांची. पंप असलेली, गळत नसलेली, खिशात मावणारी बाटली. हॉस्पिटलचा फार्मासिस्ट द्रावण ढवळू शकतो, प्लास्टिकचा पंप ओतू शकत नाही. तिथे कारखानदारच लागतो.

कंपन्या टेबलावर, पण कुठल्या खुर्चीवर?

म्हणून २०१२मध्ये आरोग्य संघटनेने हँडरब, साबण, डिस्पेन्सर बनवणाऱ्या कंपन्यांचा एक गट उभा केला. ‘रुग्णसुरक्षेसाठी खाजगी संस्था’ असा नावाचा अर्थ, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पॉप्स म्हणतात. अ‍ॅक्रनची गोजो त्यात होती, जपानची साराया होती, आणखीही होत्या. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या या कंपन्या.

अट अशी की प्रचार संघटनेच्या पद्धतीचा करायचा. म्हणजे हात कधी साफ करायचे त्याचे पाच प्रसंग: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरातल्या स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. कुठल्याच कंपनीच्या मालाची शिफारस संघटना करणार नाही. पुढे मे २०१६मध्ये तर संघटनेने खाजगी आणि बिगर-सरकारी संस्थांशी कसे संबंध ठेवायचे याची सविस्तर चौकटच मंजूर केली.

यातून काय निघू शकतं, ते युगांडात दिसतं. साराया ही ओसाकाची कंपनी. १९५२ सालची, युद्धानंतरच्या जपानातल्या आमांशाच्या साथीत द्रवरूप साबण विकत वर आलेली. २०१०मध्ये तिने युगांडात युनिसेफसोबत हात धुण्याच्या मोहिमेला पैसे दिले. नंतर तिथेच कारखाना काढला, उसाच्या मळीपासूनच्या इथेनॉलवर हँडरब बनवायला. देणगी ते धंदा असा हा प्रवास आहे, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. देणगी तीन वर्षांत संपते. कारखान्याला उद्याही माल विकायचा असतो, म्हणून तो उद्याही चालतो.

२०२०: मळी कामाला आली

या सगळ्याची परीक्षा मार्च २०२०मध्ये झाली. सॅनिटायझर दुकानांतून गायब. केंद्र सरकारने ते जीवनावश्यक वस्तूंत घातलं आणि २०० मिलीला जास्तीत जास्त १०० रुपये अशी किंमत बांधून दिली. आणि महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या सॅनिटायझर बनवायला लागल्या.

इतक्या झटकन कसं जमलं? इथेनॉल त्यांच्या टाकीत होतंच, मळीचं. आणि फॉर्म्युला कुणाच्या तिजोरीत नव्हता. तो एखाद्या कंपनीच्या पेटंटमध्ये अडकलेला असता, तर आधी वकील बसले असते, मग बॉयलर पेटला असता. पंधरा वर्षांपूर्वी जिनिव्हात घेतलेला एक निर्णय आपल्या उसाच्या पट्ट्यात असा कामाला आला.

दुसरी बाजूही दिसली. अमेरिकेत त्या वर्षी एफडीएला मिथेनॉल असलेल्या सॅनिटायझरविरुद्ध इशाऱ्यांवर इशारे काढावे लागले. काही माणसं दगावली. फॉर्म्युला खुला ठेवला तरी बाटलीत काय आहे ते तपासणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम बाजार आपण होऊन करत नाही.

मोजपट्टी कुणाच्या हातात

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजचा सगळ्यांत महत्त्वाचा.

आता कंपन्या नुसतं द्रावण विकत नाहीत, आकडे विकतात. डिस्पेन्सरमध्ये सेन्सर, नर्सच्या छातीवर बिल्ला, स्क्रीनवर डॅशबोर्ड: कुणी किती वेळा दाबलं. मी असे डॅशबोर्ड बनवणाऱ्यांच्या जातीतला आहे, म्हणून सांगतो, जपून. डबा दाबल्याची नोंद म्हणजे योग्य क्षणी हात साफ झाल्याची नोंद नव्हे. आणि जो द्रावण विकतो, त्याचाच मीटर असेल, तर आकडा वाढणं हे दोघांच्याही सोयीचं असतं, रुग्णाचं काय झालं ते बाजूला राहतं.

काही गोष्टी विक्रेता आपणहून ठळक सांगणार नाही. उदाहरणार्थ, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. तिथे साबण, पाणी आणि मोजेच लागतात. हात रक्ताने माखले असतील तरी तेच.

तेव्हा वाटणी अशी असावी. काय लागतं ते हॉस्पिटलने सांगायचं. किमान दर्जा काय, ते सार्वजनिक असायला हवं, सगळ्यांना वाचता येईल असं. बनवायचं, बाटलीत भरायचं, वेळेवर पोचवायचं ते कंपनीने, आणि त्यात नफा कमवावा, हरकत नाही. मोजायचं मात्र पुन्हा हॉस्पिटलने, रुग्णांचे संसर्ग धरून.

आणि खरेदी? आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलांत सगळ्यांत कमी दराचं टेंडर पास होतं. स्वस्त द्रावणाने नर्सचे हात फुटले, तर ती ते वापरणार नाही. मग बाटली भरलेलीच राहते आणि कागदावर बचत दिसते. आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की माल घेण्याआधी तो वापरणाऱ्यांच्या हातांवर करून बघा. टेंडरच्या अटींत ही एक ओळ घालायला किती खर्च येतो?

हे सगळं किती बाकी आहे, त्याचा एकच आकडा देतो. २०२२मध्ये आरोग्य संघटना आणि युनिसेफने जगभरातल्या आरोग्य केंद्रांचा आढावा घेतला. रुग्णाला तपासतात त्या जागी हात साफ करायची सोय, आणि संडासापाशी साबण-पाणी, हे दोन्ही असलेली केंद्रं ५१ टक्के. उरलेल्या जवळपास निम्म्या केंद्रांत डॉक्टर-नर्सने ठरवलं तरी हात साफ करता येतीलच असं नाही. तिथे ‘हात धुवा’चं पोस्टर लावून काय होणार?

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी नर्स असाल, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये किंवा खरेदी विभागात असाल, तर मला जरूर लिहा. तुमच्याकडे हँडरब कोण निवडतं? निवडण्याआधी तुम्हाला वापरून बघायला देतात का? बाटली संपल्यावर दुसरी यायला किती दिवस लागतात? हॉस्पिटलचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही. उत्तरं जमली तर त्यावर एक छोटा भाग करू.

पुढच्या भागात याच्याच शेजारचा विषय: हॉस्पिटलातली इंजेक्शनची सुई काचेच्या सिरिंजमधून प्लास्टिकमध्ये कशी आली. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूच.